म्हशीच्या कातड्यातून लांब पट्टे काढताना अर्धं कातडं वाया जातंय, कसं कापू?

सांगलीकर_रापी

नमस्कार मंडळी, मी सांगलीत घरीच बेल्ट, पाकिटं, मोबाईल कव्हर असलं काहीबाही बनवतो, नोकरी सांभाळून, चार वर्षं झाली. आत्तापर्यंत कमरेचे बेल्टच केले, ४२-४४ इंचाच्या वर कधी गेलो नाही. आता पाचगणीला घोडे फिरवायला देणारे एक जण आहेत त्यांच्याकडनं ऑर्डर मिळालीय, बारा घोड्यांचे लगामाचे पट्टे आणि रिकिबीचे (पाय ठेवायच्या कडीचे) पट्टे. रिकिबीचा पट्टा तयार ५४ इंच, म्हणजे बकलाची दुमड धरून कापताना १५० सेंमी, रुंदी २८ मिमी, असे २४. लगाम तयार दहा फूट, रुंदी २० मिमी, असे १२.

झाडाच्या सालीनं कमावलेलं म्हणजे व्हेज टॅन म्हशीचं कातडं घेतलं, पाच साइड (अर्धी कातडी), एकेक २० चौरस फुटाच्या आसपास, जाडी ४ मिमी. पण कण्यावर मोजलं तर पावणेसात फूटच भरतंय, दहा फूट सलग आणायचे कुठनं? तिरकं धरून बघितलं तरी पुरत नाही. मग डोकं लढवलं आणि पहिल्या साइडला कडेकडेनं वळसा घालून कापला, पाठीवरनं खाली पुठ्ठ्याला (शेपटीकडच्या भागाला) वळवून परत पोटाच्या बाजूनं पुढं. लांबी आली हो, पण पट्टा टेबलावर ठेवला की केळीसारखा वाकतोय, सरळ ओढला तर बाहेरची कड लाटा मारतीय. असे चार कापले आणि त्या साइडच्या उरलेल्या भागाचा सत्यानाश झाला. बायको म्हणाली एवढ्या पैशात पाचगणीला राहून आलो असतो.

चार साइड शिल्लक आहेत. काय करू? गिऱ्हाईक म्हणतंय सांधा नको.

घाटावरचा

नायलॉन घ्या की राव. धुवायला सोपं, महाबळेश्वरच्या पावसात बुरशी नाही काही नाही.

सांगलीकर_रापी

त्यांच्याकडं नायलॉनचेच होते, ओले झाले की हातातनं सटकतात आणि घोड्याला घासून केस जातात म्हणूनच चामड्याकडं वळलेत 😅

मिरजेची_वादी

भावा, वळसा घालून कापायचा प्रकार आमच्या धंद्यातला, पण तो तुझ्या मापाला चालत नाही, का ते सांगतो. आमच्याकडं तबला-डग्ग्याची कामं होतात, वादी (तबला आवळायची चामड्याची दोरी) आम्ही गोलच कापतो. एक फूट व्यासाची गोल चकती घ्यायची, कडेनं सुरू करायचं आणि आत आत जात राहायचं, जिलबीसारखं. ६ मिमी रुंदी धरली आणि मधला लिंबाएवढा भाग सोडला तर एका चकतीतनं अकरा मीटरच्या आसपास वादी निघते, कचरा म्हणून काय तो मधला गोळा. सरळ रेघेत ही लांबी कुठल्याच कातड्यात मिळणार नाही.

पण ती सरळ होते कारण बारीक आहे. भिजवायची, एक टोक खिळ्याला अडकवून दुसरं पायाखाली दाबून ओढायची, आतली कड ताणली जाते आणि वादी सरळ होते, वर तबल्याला आवळली की उरलासुरला बाकही जातो. तुझा पट्टा दोन सेंटीमीटर रुंद आणि ४ मिमी जाड. गणित बघ, अर्धा वळसा घेतला की बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा सव्वासहा सेंटीमीटर लांब होते, वळण लहान असूदे नाहीतर मोठं, फरक तेवढाच. हे सव्वासहा सेंटीमीटर जाड कातड्यात जिरवायचे कुठं? म्हणून लाटा मारतंय. त्यात तू वळण पुठ्ठ्यावरनं पोटाकडं घेतलंस, म्हणजे एकाच पट्ट्यात अर्धं घट्ट कातडं आणि अर्धं ढिलं.

ते चार पट्टे फेकू नको, ५-६ मिमीच्या वाद्या काढ त्यातनं, पिशव्यांच्या नाड्यांना जातील.

वाळव्याचा_आण्णा

दोन गोष्टींत घोळ होतोय. एक, लगाम दहा फूट सलग असायलाच पाहिजे हे कुणी सांगितलं? खोगिरावर बसून धरायचा लगाम असतोच दोन तुकड्यांचा, पाच-पाच फुटाचे दोन पट्टे आणि मधे बकल. ते बकल घोड्याच्या मानेवर येतं, तिथं फारसा ताण नसतो. लगाम बदलायला, वेळेला सोडवायला पण ते बकल कामाला येतं. तुमचं गिऱ्हाईक सांधा नको म्हणतंय ते शिवलेल्या जोडाला म्हणत असणार. मधल्या बकलाचा एक नमुना करून दाखवा, पटेल.

रिकिबीचा पट्टा आणि तंग (खोगीर पोटाखालनं आवळायचा पट्टा) मात्र जोडाचा अजिबात नको. माणसाचं सगळं वजन एका पायावर येतं चढताना. तो सलगच पाहिजे आणि पाठीतलाच पाहिजे.

आता कापायचं. तुम्ही लिहिलंय कण्यावर मोजलं, पण कण्याची कड सरळ होती का? साइड करताना कातडं कण्यावर चिरतात ती रेघ कधीच सरळ नसते, दोन-चार ठिकाणी नागमोडी असते. पहिलं काम म्हणजे गवंडी मारतात तसं सूत मारायचं. सुतळीला खडू नाहीतर गेरू लावा, दोन माणसांनी ताणून धरायची आणि मधनं उचलून सोडायची, रेघ उमटते. कडेपासनं सेंटीमीटरभर आत. त्या रेघेवर कापून कड सरळ केली की पुढचं सगळं सोपं, कारण पट्टा कटर मागच्या कडेचीच नक्कल करतो, पहिली कड वाकडी तर सगळे पट्टे वाकडे. मी पट्टीसाठी सरकत्या खिडकीवाल्याकडनं आठ फुटाचा अॅल्युमिनियमचा सेक्शन आणलाय, चामड्यावर ठेवून दोन्हीकडं वीट ठेवली की हलत नाही.

मग कण्याला लागून आधी रिकिबीचे पट्टे. सगळ्यात घट्ट, न ताणणारं कातडं तिथंच असतं, पुठ्ठ्याकडनं पुढं. शेपटीकडच्या टोकाला बरोबर लावून घ्या आणि उरणारा तुकडा मानेकडं सोडा, कारण मानेला सुरकुत्या असतात आणि जू ओढलेलं जनावर असेल तर घट्ट्याचा डाग असतोच. त्याच्यानंतर लगामाचे.

तुमचाच हिशोब करतो. एका साइडला रिकिबीचे ८, म्हणजे ८ × २.८ = २२.४ सेंमी. त्याला लागून लगामाचे ८, ८ × २ = १६ सेंमी. एकूण ३८.४ सेंमी. कण्यापासनं साधारण ४५ सेंमीपर्यंत कातडं चांगलं असतं, म्हणजे बसतंय. तीन साइडमध्ये २४ आणि २४. लगामाचे पट्टे १६५ सेंमी कापा, कडीला दुमडायला लागतं. चौथी साइड हातात राहतीय.

आणि बकलं आधी आणा, मग कापा. २८ मिमीचं बकल दुकानात नसलं आणि २५ चं मिळालं तर काय, पट्टे तासत बसणार? माझ्यावर ही वेळ आलीय, बावीस पट्टे, विचारू नका.

सांगलीकर_रापी

आण्णा 🙏🙏 बकलाचं खरंच डोक्यात नव्हतं. एक शंका, हिशोब केला तर रिकिबीचे ८ आणि लगामाचे ८ मिळून एका साइडमधले साडेसहा चौरस फूटच वापरले जातात. २० मधले. म्हणजे दोन तृतीयांश अजून पडूनच?

वाळव्याचा_आण्णा

पडून कशाला, पोट आणि मान ती. पोटातनं लांब पट्टा काढायचाच नाही, वजन लागलं की लांबतो आणि पातळ होतो, एका बाजूची रिकीब खाली लटकणार. तिथं बकलाच्या लूप, कुत्र्याचे पट्टे, चाव्यांचे, बॅगेच्या तळाचे तुकडे असलं काढा. आणि पुढच्या वेळेला साइड घेऊच नका, टॅनरीवाल्याला 'बॅक' मागा, पोट काढून टाकलेलं. फुटाला दर जास्त असतो पण त्यातलं जवळजवळ सगळं लांबीला लागतं. साइड कुणी घ्यावी, ज्याच्याकडं बारक्या वस्तूंना गिऱ्हाईक आहे त्यानं.

कराडकर७७

पोटाचे तुकडे चपलावाल्यांना द्या, टाचेत थर भरायला घेतात. कोल्हापुरीचा २०१९ चा जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) नुसत्या कोल्हापूरचा नाही हो, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे पण त्यात आहेत, म्हणजे आपल्याकडंच कारागीर सापडतील.

बाकी आण्णा, कटर ओढताना चार-पाच पट्ट्यांनंतर कड परत सूत मारून बघावी लागते. मी कण्यापासनं सरकत सरकत बाराव्या पट्ट्याला आलो तर मधे कमरेच्या ठिकाणी चक्क ४ मिमीचा फुगवटा. कातडं हातानं ओढलं जातं, लक्षात येत नाही.

वाळव्याचा_आण्णा

बरोबर. ढिलं धरलं की कटर भटकतो. रिकिबीचे आठ झाले की थांबून परत सूत, मग लगामाचे.

अजून एक, कापायच्या आधी दिवसा उजेडात कातडं उलटं-सुलटं करून बघा आणि खडूनं गोल करा. गोचिडाचे बारीक खड्डे, काटेरी तारेचे ओरखडे. चीर असेल तर ती पट्ट्याच्या मधे येऊ द्यायची नाही, पट्टा पुढंमागं सरकवून टोकाला, भोकं पाडतो त्या बाजूला नव्हे, दुमडीच्या पलीकडं कापून जाईल अशी घ्यायची. आमचे आजोबा मोटेचं (विहिरीतनं पाणी काढायच्या चामडी पिशवीचं) काम करायचे तेव्हा कातडं विहिरीवर पसरून अर्धा दिवस नुसते बघत बसायचे म्हणे, आजी चिडायची.

सांगलीकर_रापी

*(अकरा दिवसांनी)*

अपडेट. बकलं सांगलीत २५ चीच मिळाली, २८ ची कुरिअरनं मागवली, त्यात आठवडा गेला. मधल्या बकलाचा एक लगाम करून पाचगणीला पाठवला, मालक म्हणाले "असाच पाहिजे होता, मी सांधा म्हणजे शिवण समजलो."

तीन साइड कापल्या. रिकिबीचे २४ झाले. लगामाचे २३, कारण दुसऱ्या साइडला ओरखडा खडूनं गोल करूनही पुसला गेला आणि पट्टा कापल्यावर बरोबर मधे निघाला, एक चौथ्या साइडमधनं काढला. सुताला मुलगा दुसऱ्या टोकाला उभा होता, त्याला सुतळी सोडायची एवढी मजा वाटली की भिंतीवर पण तीन रेघा मारल्या. पट्टे आता वजन लावून टांगलेत, चोवीस तासांत पाठीतले काहीच लांबले नाहीत. मुद्दाम पोटाचा एक टांगला होता बघायला, तो दोन बोटं वाढला.

मालकांना सांगून ठेवलंय की दर महिन्याला डावा-उजवा पट्टा अदलाबदल करा, चढताना सगळे डावीकडनंच चढतात.

चौथी साइड जवळपास सगळी शिल्लक आहे, बेंदराला (बैलांच्या सणाला) घुंगरपट्टे कुणाला पाहिजे असतील तर मेसेज करा, बैलाच्या गळ्याचं माप पाठवा.

मिरजेची_वादी

दोन पट्टे मला. आणि वाद्यांचं काय केलंस?

सांगलीकर_रापी

केळ्यातनं नऊ मीटर निघाल्या 😂