क्लिनिकल ऑडिट : उत्तेजन हवे की देखरेख?

धागाकर्ते (रामबाग, इंदूर येथील डॉक्टर): गेल्या वर्षी मी दवाखान्यातील मधुमेहाच्या ४० रुग्णांची कार्डे काढली आणि वर्षभरात यांपैकी किती जणांचे पाय तपासले, एवढेच मोजले. उत्तर आले ११. आमच्याकडे चपला दाराशीच निघतात, म्हणजे माणूस अनवाणीच समोर बसलेला असतो, तरी मी वाकून पाहिले नव्हते. मग वजन घेतानाच कंपाउंडरने पाय पाहून कार्डावर खूण करावी, असे ठरवले; सहा महिन्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा आकडा ३१ झाला होता. ऑडिट ते हेच. प्रत्येक जनरल प्रॅक्टिशनरने ते करावे, मात्र वरून देखरेख नसावी; आकडे कोणा अधिकाऱ्याकडे जाणार असते, तर मी ११ लिहिले असते की नाही, याची मलाच शंका आहे.

प्रतिसाद (सुदामानगर येथील डॉक्टर): डॉक्टरसाहेब, आपल्याला हौस आहे म्हणून आपण केलेत, ज्याला नाही, त्याचे काय? ब्रिटनमध्ये सरकारच्या आरोग्यसेवेवरील १९८९ च्या श्वेतपत्रिकेनंतर ऑडिटला चालना देण्यासाठी जनरल प्रॅक्टिशनरांचे सल्लागार गट नेमले गेले, तरीही २००४ मध्ये कामाच्या दर्जाला गुण देऊन त्या गुणांनुसार डॉक्टरांना पैसे द्यावेच लागले.

धागाकर्ते: आणि स्कॉटलंडने ती गुणपद्धती २०१६ मध्ये मोडीत काढली, हे आपण गाळलेत. ज्याला गुण, तेवढेच तपासायचे, ही सवय तिथेही लागते आणि आपल्याकडे तर लवकरच लागेल.

प्रतिसाद (राजवाड्याजवळ राहणारी एक वाचक): आपण दोघेही कार्डे आहेत असे धरून बोलता आहात. माझ्या आईच्या तीन डॉक्टरांच्या सगळ्या चिठ्ठ्या घरी एका पिशवीत आहेत, त्यांतल्या दोन गेल्या पावसाळ्यात भिजून विरघळल्या. त्या दवाखान्यांत तिचे नाव आणि फी याखेरीज काही लिहिलेले नसते. मोजायचे कशावरून? वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांतही कागद तीन वर्षे जपण्याचे बंधन भरती रुग्णांपुरतेच आहे.

प्रतिसाद (सुदामानगर): म्हणजे प्रत्येक चिठ्ठीची कार्बन प्रत ठेवण्याची सक्ती तरी धागाकर्त्यांना मान्य आहे का?

धागाकर्ते: प्रत ठेवण्याची सक्ती मान्य आहे. ती उघडून कोण पाहणार, यावर मात्र मी अजून अडून आहे.