हळदीच्या हंगामात कादंबरी कशी पुरी करायची?

प्रश्न (सांगली): मी मार्केट यार्डात अडत्याकडे हिशेब लिहितो. फेब्रुवारी ते मे हळदीची आवक जोरात. सौदे, शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या, हमाली-तोलाई उरकून घरी येईपर्यंत डोकं आकड्यांनी भरलेलं असतं. पहाटे लिहायला बसलो तर दुपारी डुलक्या येतात. कादंबरी अर्धी झालीय आणि ती मला मनापासून पुरी करायचीय. नोकरी सांभाळून लिहिणारे वेळ कसा काढता?

मिरज: पहाटेचा हट्ट सोडा. मी शिक्षिका आहे, घरात दोन लहान मुलं. रात्री भांडी आवरली की पाऊण तास लिहिते, फोन दुसऱ्या खोलीत. उठताना शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धवट ठेवते, म्हणजे उद्या कुठून सुरू करायचं हा प्रश्न राहत नाही. नवं लेखन आणि दुरुस्ती एका बैठकीत कधीच नाही. खोडत बसलं की प्रकरण पुढे सरकत नाही. रविवार मुलांचा.

तासगाव: हंगामात नुसती टिपणं काढा, मोठं लेखन पावसाळ्यात.

प्रश्नकर्ता: ताई, रात्रीचं जमेल. आयर्विन पुलावरून सांगलीवाडीला सायकलने येतो, तेवढ्यात प्रसंग जुळवत येईन. दादा, टिपणांचं पटलं. सौद्यात कानावर पडलेली बोली त्याच दिवशी उतरवायला हवी, नंतर तिचा ठसका राहत नाही.