मोबाईलवरचे कर्ज आणि घरातला एकच फोन
मोबाईलवर काही मिनिटांत कर्ज मिळू लागल्याने सावकार आपोआप हद्दपार होईल, हे मत मला अर्धेच पटते. वेग वाढला हे खरे. पण बचत गटाच्या बैठकीत एखादीचा हप्ता अडला, तर बाकीच्या बायका कारण विचारतात आणि प्रसंगी पदरचे घालून वेळ निभावून नेतात. अ‍ॅपला हप्ता चुकल्याचे कळते, मजुरी थकल्याचे कळत नाही. शिवाय अनेक घरांत स्मार्टफोन एकच आणि तोही मुलाच्या खिशात, त्यामुळे कर्ज आईच्या नावावर आणि ओटीपी त्याच्या हाती, अशी विचित्र अवस्था होते.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला सूक्ष्मवित्त कर्ज, म्हणजे तारण न घेता दिले जाणारे छोटे कर्ज, देताना त्याच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन घातले आणि कर्जाच्या अ‍ॅपना फोनमधील संपर्कयादी उघडण्यास मनाई केली. (नातेवाइकांना फोन करून बदनामी करण्याचा वसुलीचा धंदा त्याच यादीवर चालत होता.) मात्र शेतमजुरीचे हंगामी उत्पन्न बारा महिन्यांवर कसे वाटायचे, हे बहुधा टॅब घेऊन दारात आलेला कर्ज देणाऱ्या संस्थेचा कर्मचारीच ठरवतो आणि ५० टक्क्यांचे बंधन तिथेच सैल पडते.