डिप्रेशनमध्ये नुसत्या चालण्याने खरंच फरक पडतो का?

आगरकाठ:
माझा धाकटा भाऊ मार्चमध्ये मुंबईची नोकरी सोडून गुहागरला घरी आलाय. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलंय, गोळ्या सुरू होऊन दीड महिना झाला. झोप जरा लागते पण दिवसभर माजघरात पडून असतो, जेवायला पण चारदा हाका माराव्या लागतात. डॉक्टर म्हणाले रोज थोडं चालू दे. आमचे काका आले की "तरणाताठा पोरगा, दोन फेऱ्या मार की सगळं जाईल" म्हणतात आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपतो. समुद्र पाच मिनिटांवर आहे हो, पण त्याला उंबऱ्याबाहेर काढू कसा? कोणी स्वतः अनुभवलंय का?

भाट्याची पुळण:
ताई, मी यातून गेलोय. आधी काकांना थांबवा. त्या दिवसांत कोणी "उठ" म्हटलं की आपण किती निकामी झालोय एवढंच ऐकू यायचं. माझी बायको एकदाही "फिरायला चला" म्हणाली नाही, "दूध आणायला जातेय, पिशवी धराल का" एवढंच. डेअरी दोनशे पावलांवर. चार दिवस गेलो, पाचव्या दिवशी नाही गेलो, ती काही बोलली नाही, सहाव्या दिवशी परत पिशवी हातात. समुद्राच्या पुळणीपर्यंत, म्हणजे वाळूपर्यंत पोचायला तीन आठवडे लागले. आणि पहिला महिना छान वगैरे काही वाटलं नाही, फक्त परत आल्यावर अर्धा तास डोकं गप्प असायचं आणि भूक लागायची. मन तयार झालं की निघू म्हणत बसलो असतो तर अजून घरातच असतो.

फिजिओ दापोली:
फरक पडतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा 1999 चा अभ्यास आहे, पन्नाशीपुढचे डिप्रेशनचे 156 पेशंट, काहींना गोळ्या, काहींना आठवड्यातून तीनदा व्यायाम, काहींना दोन्ही. 16 आठवड्यांनी तिन्ही गटांत सुधारणा साधारण सारखीच होती, गोळ्यांचा गुण मात्र लवकर दिसला. म्हणून गोळ्या बंद करायच्या असं अजिबात नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही चुकवू नका. व्यायामाने मेंदूत पेशींना पोसणारं बीडीएनएफ नावाचं प्रोटीन वाढतं असं दिसलंय, शिवाय सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की झोपेचं घड्याळ जागेवर यायला मदत होते. आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम हवा वगैरे सांगतात ते आत्ता डोक्यात आणूच नका, दहा मिनिटं पुष्कळ.

आगरकाठ:
पण आता पाऊस नुसता कोसळतोय, पुळणीवर जाणार कसं?

लाल माती:
अगो, पडवी आहे ना! पडवीत फेऱ्या मारा, तू पण बरोबर चाल, गप्पा नाही मारल्या तरी चालतंय. नारळ सोलायला बसव. भाताची लावणी चालू असेल तर तरवा, म्हणजे रोपं काढायला ने, चिखलात पाय घालून चार माणसांत तासभर वाकलं तरी अंग मोकळं होतं, आणि तिथे कोणी "कसं वाटतंय" विचारत नाही. फक्त जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर त्याला एकटा सोडू नको, लगेच डॉक्टरांकडे ने. टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्री पण लागतो.

आगरकाठ:
नंबर फ्रिजवर लावला. आज पडवीत पाच फेऱ्या मारल्या माझ्याबरोबर, बोलला काहीच नाही. सकाळी गोळीने गुंगी असते त्याला, संध्याकाळी चालला तर चालेल का?

फिजिओ दापोली:
चालेल, त्याला झेपेल ती वेळ धरा. गुंगीचं मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला, गोळीची वेळ बदलून देता येते का ते बघतील.