‘व्हॅक्सीन’ या शब्दातली गाय आणि आपली ‘लस’

मूळ मुद्दा : लॅटिनमध्ये ‘वाक्का’ म्हणजे गाय. इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेनर यांनी १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात गाईंना होणाऱ्या देवीच्या रोगाला (माणसाच्या देवीवरची पहिली लस त्यातूनच आली) ‘व्हॅरिओली व्हॅक्सिनी’ म्हटले आणि त्यातून पुढे ‘व्हॅक्सीन’ रूढ झाला. पोलिओ, गोवर, कोविड यांच्या लशींचा उगम गाईच्या रोगात नाही, तरी नाव तेच. शास्त्रीय संज्ञेने वस्तूचे आजचे स्वरूप सांगावे, असे माझे ठाम मत आहे. आपला ‘लस’ हा शब्द त्या कसोटीला उतरतो, कारण तो प्राण्याचे नव्हे, टोचल्या जाणाऱ्या द्रव्याचे नाव घेतो.

प्रतिसाद १ : असहमत. लस म्हणजे मुळात फोडातून झिरपणारा पातळ, चिकट स्राव. गुडघा खरचटला की ‘लस येते आहे’ असे आपण आजही म्हणतो. मे १७९६ मध्ये जेनर यांनी गाईच्या देवीची लागण झालेल्या सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला हाच स्राव घेतला आणि आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या हातावर जेमतेम कातडीपुरते दोन छेद देऊन त्यांत सोडला. मुंबईत जून १८०२ मध्ये ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली, तीही अशीच, आणि तिच्या फोडातली लस पुढे इतर मुलांना दिली गेली. आज कुपीत असा स्राव नसतो, पोलिओचे थेंब तर टोचतही नाहीत, पाजतात. मग ‘लस’ आजचे स्वरूप कुठे सांगतो?

प्रतिसाद २ : शिवाय ‘व्हॅक्सीन’ शब्द इतर रोगांच्या लशींना लावण्याचा अर्थविस्तार अनवधानाने झालेला नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८८१ साली लंडनच्या वैद्यक परिषदेत जेनर यांच्या सन्मानार्थ तो जाणीवपूर्वक सुचवला. तेव्हा ते स्वतः कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर आणि जनावरांच्या काळपुळीवर लशी तयार करत होते. आणि गाय पुरती गेली असेही नाही, कारण क्षयावरच्या बीसीजी लशीतला जंतू मुळात गुरांच्या क्षयाचाच आहे.

मूळ लेखक : ‘लस’बाबतचा आक्षेप मला मान्य आहे, तो शब्दही तितकाच जुन्या रूपाला धरून आहे. ‘व्हॅक्सीन’बद्दलची तक्रार मात्र मी मागे घेत नाही. नाव ‘गाईचे’ म्हणत राहिले, आणि १९३९ साली ब्रिटिश विषाणुतज्ज्ञ ॲलन डाउनी यांनी दाखवून दिले की, देवीच्या प्रचलित लशीतला विषाणू गाईच्या देवीच्या विषाणूहून निराळा आहे. म्हणजे खुद्द देवीच्या लशीलासुद्धा हे नाव नीट लागू पडत नव्हते.