देवाची इच्छा कळते तरी कशी? नोकरीचा निर्णय अडकलाय

वाटसरू
दुसरीकडून ऑफर आलीये, पगार चांगला वाढतोय, काम पण आवडीचं आहे, पण शिफ्ट अशा आहेत की निम्म्या रविवारी तरी उपासना चुकणार. बायको म्हणते घे, मंडळीतले (चर्चमधले) एक वडीलधारे म्हणतात थांब, आणि मी रोज प्रार्थना करतोय की प्रभू काहीतरी खूण दे, हो किंवा नाही, पण अजून काहीच नाही. एकदा डोळे मिटून बायबल उघडलं तर यिर्मया 29:11 आलं, देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत वगैरे, मी एकदम खूश. दुसऱ्या दिवशी परत उघडलं तर पानभर वंशावळ :( त्यात नव्या लोकांना मी लवकर जॉइन व्हायला हवंय आणि इथला नोटीस पीरियड मोठा आहे, म्हणून घरात आजारपण आहे असं सांगून लवकर सुटायचा विचार आहे, पण तो विषय वेगळा. खरा प्रश्न हा की तुम्ही लोक रोजच्या आयुष्यात विश्वासाने निर्णय घेता म्हणजे नक्की काय करता? की मोठ्या गोष्टीच फक्त देवाला विचारायच्या?

पानगळ
ते 29:11 सगळ्यांच्या भिंतीवर असतं पण आधीची दहा वचनं कोणी वाचत नाही. ते पत्र आहे, यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदी म्हणून नेलेल्या यहूदी लोकांना पाठवलेलं. त्यांना वाटत होतं लवकरच घरी जाऊ, हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं छातीठोक सांगत पण होता, आणि यिर्मया म्हणतो सत्तर वर्षं लागतील, तोवर घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलंय त्याच शहराचं भलं मागा. म्हणजे ते वचन तुमच्या ऑफर लेटरबद्दल नाहीये. मला त्यातला पाचव्या-सहाव्या वचनाचा भाग जास्त कामाचा वाटतो, पुढचं सगळं कळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, समोरचं काम नीट करा.

दीपस्तंभ
पानगळ, तुमचं बरोबर आहे पण खुणा मागूच नयेत हे पटत नाही. गिदोनाने देवाकडे खूण मागायला रात्री लोकर बाहेर ठेवलीच ना, आणि प्रेषित पौलाला मकदुनियाचा माणूस दृष्टान्तात 'इकडे या' म्हणताना दिसला. देव आजही बोलतो, आपण ऐकत नाही. वाटसरू, उपास करा आणि थांबा, उत्तर येईल.

साधी_वही
दीपस्तंभ, गिदोनाची गोष्ट परत वाचा (शास्ते 6). काय करायचं ते देवाने त्याला लोकरीच्या आधीच स्पष्ट सांगितलं होतं, तरी हा एक रात्र लोकर ओली मागतो, दुसऱ्या रात्री कोरडी मागतो. देवाने चालवून घेतलं ही देवाची दया, पण आपण त्याची पद्धतच करून टाकली. आणि पौलाचं म्हणाल तर प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये आधी आशियात (तेव्हाचा रोमन प्रांत) वाट बंद, मग बिथुनियात बंद, मग दृष्टान्त, आणि त्याचा अर्थ त्याने आणि सोबतच्यांनी मिळून लावला, म्हणजे तो खुणेची वाट बघत घरी बसला नव्हता, चालत होता म्हणून तर वाट बंद झालेली कळली.

आता वाटसरू, राग मानू नका. तुम्ही जिथे खूण मागताय, म्हणजे ही नोकरी की ती, तिथे शास्त्र तुम्हाला बऱ्यापैकी मोकळं सोडतं. पण जिथे शास्त्र अगदी साफ बोलतं तो भाग तुम्ही एका ओळीत उरकलात आणि वर म्हणालात तो विषय वेगळा. आजारपणाचं खोटं कारण. तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या, हे येशूनेच सांगितलंय (मत्तय 5:37), त्याला कुठली लोकर लागते? माझ्या मते विश्वासाने चालणं नव्वद टक्के हेच असतं, जे आधीच कळलंय ते करणं. घरात तिसऱ्यांदा तेच विचारलं तर न खेकसणं, हाताखालच्याचं श्रेय त्यालाच देणं. याला दृष्टान्त लागत नाही म्हणून आपल्याला ते 'देवाची इच्छा' वाटतच नाही.

वाटसरू
नोटीसवाला मुद्दा एवढा मोठा होईल असं वाटलं नव्हतं. ऑफिसात सगळेच करतात हो. पण ठीक आहे, मॅनेजरला सरळ विचारून बघतो, फार तर नाही म्हणेल. तरी नोकरी घ्यायची की नाही ते तसंच राहिलं. मोकळं सोडलंय म्हणजे नाणं उडवू?

सायंप्रार्थना
मी कॅथलिक आहे, आमच्याकडे यावर संत इग्नेशियस लॉयोलाची पद्धत वापरतात. हा मूळचा सैनिकी पेशाचा माणूस, 1521 मध्ये पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणाला खिळला, आणि वाचायला शौर्यकथा हव्या होत्या तर मिळालं काय, ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. त्याच्या लक्षात आलं की पराक्रमाची, दरबारी बाईला खूश करायची स्वप्नं रंगवताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, आणि संतांसारखं जगावं या विचाराचा आनंद मागून पण टिकतो. त्यातूनच त्याची पारख करायची रीत आली. तुम्ही असं करा, काही दिवस मनात धरून चाला की ऑफर घेतली, रात्री दिवस आठवून बघा मन कुठे शांत होतं, कुठे कडवट. मग तितकेच दिवस नाकारली असं धरून चाला. आणि त्याचा एक नियम फार उपयोगी आहे, मन खचलेलं असताना आधी केलेला चांगला निश्चय बदलायचा नाही. बॉसशी भांडण झालं त्या संध्याकाळी राजीनामा टाईप करणाऱ्यांनी तर हे पाठच करावं.

दीपस्तंभ
हे चांगलंय. पण मनाची शांती फसवी पण असते ना? योना वादळात जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता, देवापासून पळून जात असताना!

सायंप्रार्थना
हाहा बरोबर. म्हणूनच हे एकट्याने करायचं नसतं, कोणी अनुभवी माणूस सोबत लागतो जो आपल्याला ओळखतो आणि तोंडावर बोलू शकतो. तुमच्या केसमध्ये थांब म्हणणारे ते वडीलधारे, त्यांना कारण विचारलंत का?

पानगळ
रविवारबद्दल एक. रविवार सुट्टीचा दिवस झाला तो रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकमाने, इ.स. 321 मध्ये. त्याआधी रविवार कामाचाच दिवस, आणि विश्वासणाऱ्यांत गुलाम पण होते, त्यांना कोण रजा देणार. प्लिनी नावाच्या रोमन गव्हर्नरने 112 च्या सुमारास बादशहाला लिहिलंय की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताची स्तोत्रं गातात. तर शिफ्ट आली म्हणजे विश्वास संपला असं नाही, पण एकत्र जमणं सोडू नका हे इब्री 10:25 पण आहेच. ऑफर घ्यायच्या आधी दोन गोष्टी करा, त्यांच्याकडून शिफ्टचं वेळापत्रक लेखी घ्या, आणि मंडळीत आठवड्यातल्या दुसऱ्या कुठल्या दिवशी प्रार्थनेला कोण जमतं ते विचारा. कोणीच जमत नसेल तर तुमच्या पाळकांना सांगा, शिफ्टवाले तुम्ही एकटे नसणार.

वाटसरू
वडीलधाऱ्यांना कारण नव्हतं विचारलं. आज फोन करतो. वेळापत्रक पण मागवलंय.