"कोणाला सांगणार नाही असा शब्द द्या" असं विद्यार्थिनी म्हणाली तर?

नववीची वर्गशिक्षिका

गणित शिकवते, नववीची वर्गशिक्षिका आहे. वर्गातली एक मुलगी पहिल्या सहामाहीपर्यंत पुढच्या बाकावर असायची, हात सतत वर. आता शेवटी भिंतीकडेला बसते. हजेरीपट चाळला. गैरहजेरी थोडीच, पण जवळजवळ सगळी सोमवारची. खेळाच्या तासाला पोट दुखतंय म्हणून बाजूला बसते. अक्षरसुद्धा बदललंय, बारीक आणि दाबून लिहिलेलं, गणित मध्येच सोडून दिलेलं. गुण मात्र टिकून आहेत, त्यामुळे स्टाफरूममध्ये विषय काढला की "या वयात असंच असतं" एवढंच ऐकू येतं.

आज वही द्यायला थांबली आणि म्हणाली, "बाई, एक सांगायचंय, पण आधी शब्द द्या, कोणालाच सांगणार नाही." पुढच्या तासाची घंटा झाली होती. उद्या मधल्या सुट्टीत निवांत बोलू, मी वाट बघते, असं म्हटलं.

शब्द द्यावा का? नाही दिला तर ती गप्प बसेल. दिला आणि गंभीर काही निघालं तर? समुपदेशक आमच्याकडे आठवड्यातून एकदाच येतात.

शालेय समुपदेशक

बाई, शब्द देऊ नका. पण नुसतं "नाही" म्हणूनही थांबू नका. ती बोलायला लागायच्या आधीच साधारण असं सांगा: "माझ्याकडे आलीस, बरं केलंस. तुझं बोलणं मी वर्गात किंवा स्टाफरूममध्ये काढणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे किंवा कोणी तुला त्रास देतंय असं वाटलं, तर मला एका माणसाला सांगावंच लागेल. कोणाला आणि काय, ते आधी तुला सांगेन." माझ्या अनुभवात हे ऐकूनही बरीच मुलं बोलतात. गोष्ट आपल्या हातातून सुटून शाळाभर होईल, याची त्यांना जास्त धास्ती असते.

जागा अशी निवडा की बाहेरून दिसेल पण ऐकू जाणार नाही. "का" ने सुरू होणारे प्रश्न टाळा, मुलांना ते जाब विचारल्यासारखे वाटतात. "कधीपासून?", "मग काय झालं?" एवढं पुरतं. कोणी अत्याचार केल्याचं सांगितलं तर खोलात शिरू नका. प्रश्नातून उत्तर सुचवलं जातं आणि पुढे तिच्याच सांगण्यावर शंका घेतली जाते. तिचे शब्द तिच्याच भाषेत त्याच दिवशी लिहून ठेवा, तारीख-वेळ घालून. तुमचा अंदाज वेगळा लिहा.

मरणाबद्दल, जगण्याचा कंटाळा आल्याबद्दल काही निघालं तर सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उत्तर "हो" आलं तर तिला एकटं सोडू नका आणि समुपदेशकाच्या दिवसाची वाट पाहू नका. मुख्याध्यापकांना त्याच तासाला सांगा. पालकांनाही सांगायचं, पण धोका घरातच असेल तर आधी बालसंरक्षणाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी बोला.

सोमवार आणि खेळाचा तास, दोन्ही नोंदी मोलाच्या आहेत. सुट्टीत घरी काही घडतं का, कपडे बदलायच्या खोलीत कोणी छळतं का, अंगावरचं काही लपवायचंय का, की खरंच दर महिन्याचं दुखणं आहे? आत्ताच यातलं काही ठरवू नका.

एक पालक

आमच्या मुलाच्या वेळी वर्गशिक्षकांचा फोन आला तो "तक्रार नाहीये, काळजी वाटली म्हणून केला" असा. मग त्यांनी काय पाहिलं तेवढंच सांगितलं: डबा न खाता परत नेतो, मित्र बदललेत. सल्ला एकही नाही. त्यामुळे आम्ही बचावात न जाता ऐकू शकलो. पालकांशी बोलायची वेळ आली तर असंच करा, ही विनंती.

विज्ञान शिक्षक

पटतंय सगळं, पण वर्ग भरलेला असतो. गुण टिकून असलेलं शांत मूल लक्षात येणार कसं?

शालेय समुपदेशक

सर, म्हणूनच फक्त नजरेवर विसंबू नये. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी 1997 मध्ये मांडलेली 25 विधानांची एक प्रश्नावली आहे. भावना, वर्तन, चंचलपणा, सवंगड्यांशी नातं आणि इतरांना मदत करण्याची वृत्ती असे तिचे पाच भाग. पालक आणि शिक्षक ती भरतात, अकरा वर्षांपुढची मुलं स्वतःही भरू शकतात. तिच्यातून निदान होत नाही, कोणाशी आधी बोलायला हवं ते कळतं. मात्र भरून घेतल्यावर बोलायला माणूस आणि वेळ नसेल तर ती वाटूच नका. मुलांनी लिहिलं आणि कोणी आलंच नाही, हे फार वाईट.

नववीची वर्गशिक्षिका

आज बोललो. काय ते इथे लिहिणार नाही. "तो एक माणूस कोण?" असं तिने पहिलं विचारलं. मी आमच्या शाळेत येणाऱ्या समुपदेशक ताईंचं नाव घेतलं. "चालेल, पण मी समोर असताना सांगा," म्हणाली. ताईंशी तिच्यासमोरच फोनवर बोलले, त्या उद्या मुद्दाम येणार आहेत. तिची एकच अट: वर्गातून बोलावणं नको, सगळे बघतात.

शालेय समुपदेशक

शिपायाकरवी चिठ्ठी तर मुळीच पाठवू नका. वह्यांचा गठ्ठा घेऊन तिला तुमच्याकडे यायला सांगा, शक्यतो मधली सुट्टी संपायच्या जरा आधी, म्हणजे वर्ग विखुरलेला असेल. ज्यांचा तास बुडेल त्यांना फक्त "माझ्याकडे आहे" एवढंच कळवा. आणि भेट झाल्यावर लगेच वर्गात धाडू नका, दहा मिनिटं तुमच्याजवळ बसू द्या.